प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन: लगेच की थांबून?
तंजावर-कुंभकोणम वाटेवरच्या पापनाशमसारख्या गावातून रेडिएशनसाठी रोज शहर गाठायचं, तर चार ते सात आठवडे त्यातच जातात. मग ते लगेच घ्यावंच का? २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘रॅडिकल्स’ चाचणीत १३९६ रुग्ण होते. पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन) वाढेपर्यंत थांबलेल्यांचं थांबल्यामुळे नुकसान झालेलं दिसलं नाही; उलट लघवीचा त्रास कमी झाला. प्रोस्टेट काढल्यावर पीएसए ०.१ च्या खाली हवा. तो ०.२ वर गेला आणि फेरतपासणीतही तसाच राहिला, तर मात्र चालढकल नको. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ असेल, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी असतील, तरी घाबरून लगेच रेडिएशनला होकार देऊ नये. लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडला असेल तर हिशेब वेगळा.