विनंती गेली, हे अर्जदाराला दिसू द्या
तलासरी तालुक्यातल्या झरीसारख्या गावात मोबाइलवरून ऑनलाइन अर्ज भरताना नेटवर्क मंद असलं, तर ‘सादर करा’ दाबूनही स्क्रीन ढिम्म राहू शकते. अर्जदार पुन्हा बटण दाबतो आणि तोच अर्ज दोनदा जाऊ शकतो.

अशा अर्जांत बऱ्याचदा जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा पान न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरला विनंती पाठवते. २००५ मध्ये या पद्धतीला ‘अजॅक्स’ हे नाव मिळालं. पान नव्याने उघडत नसल्यामुळे, काम चालू आहे हे प्रोग्रामरनेच दाखवावं लागतं.

विनंती पाठवणारं ‘फेच’ हे फंक्शन चालवण्याआधी बटण बंद करावं, फिरतं चक्र आणि ‘अर्ज पाठवत आहोत’ हे शब्द दाखवावेत. शेवटी चालणाऱ्या ‘फायनली’ या भागात चक्र काढून बटण पुन्हा सुरू करावं. विनंती फसली तरी ‘फायनली’ चालतंच, त्यामुळे चक्र अडकत नाही. फाइल मोठी असेल तर ‘फेच’ऐवजी ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ वापरावं; त्याच्या ‘अपलोड’ ऑब्जेक्टवरचा ‘प्रोग्रेस’ इव्हेंट किती बाइट गेले ते सांगतो. त्यावरून टक्केवारीची पट्टी दाखवता येते.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या १९९३ च्या निकषानुसार १० सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. म्हणून प्रोग्रामरांनी आपलं पान मंद नेटवर्कवर तपासूनच लोकांच्या हाती द्यावं.