हातपाय गार पडणे : पायाचीही नाडी पाहावी

हेमंत ऋतू लागला की चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात हमखास येणारी तक्रार म्हणजे हातपाय गार पडणे. शीत हा वायूचा गुण असल्याने वातप्रकोप असे निदान होते, नारायण तेल आणि शेक सांगितला जातो व पुष्कळांना बरे वाटतेही. कृश, रूक्ष प्रकृतीच्या, अल्पाहारी व्यक्तींत ही योजना उचितच आहे. मात्र याच लक्षणाआड अशाही अवस्था दडलेल्या असतात, की ज्यांत तेल चोळण्यात गेलेले दिवस रुग्णाला पायाची बोटे गमावण्यापर्यंत नेतात.

विडी-सिगारेट ओढणाऱ्या, पन्नाशीच्या आतील पुरुषाचे एकच पाऊल गार लागत असेल तर सावध व्हावे. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिलेल्या आजारात हातापायांच्या लहान व मध्यम धमन्यांना सूज येऊन त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात. चालताना तळपायात वा पोटरीत वेदना होतात व थांबल्यावर शमतात. पुढे रात्रीचा ठणका, न भरणारा व्रण आणि अखेर कोथ. रक्ताने वायूचा मार्ग अडतो ही वातरक्ताची संप्राप्ती येथे आठवते खरी. पण गुडूची चालू आणि विडीही चालू, अशाने काहीच साधत नाही. तंबाखू संपूर्ण सुटली पाहिजे. दिवसाची एखादी विडीसुद्धा चालत नाही.

मनगटावरील नाडीपरीक्षेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे बोटे ठेवणारे वैद्य किती? काही निरोगी व्यक्तींतही पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही जागा आणि दोन्ही पाय ताडून पाहावेत. नाडी क्षीण वा अस्पर्श असल्यास डॉप्लर तपासणी करवून घ्यावी. पाय अचानक गार, पांढरा व वेदनायुक्त झाला तर तासांचाही विलंब न करता रुग्णालयात धाडावे.

शेकाबाबतही तारतम्य हवे. चरकांनी सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात मधुमेही अस्वेद्य सांगितला आहे. सुप्तता आलेल्या पायाला उष्णता कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने फोड येतो, आणि तो रुग्णाला दुसऱ्या दिवशी दिसतो.

तरुण स्त्रियांत थंडीने वा मानसिक ताणाने बोटे आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होतात. मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. दोन्ही हातांत सारखी व अल्पकाळ होत असेल तर ती बहुधा निरुपद्रवी असते. येथे अभ्यंग, हातमोजे आणि केवळ हातच नव्हे तर सर्वांग उबदार ठेवणे एवढे पुष्कळ होते. बोटांच्या टोकांवर व्रण किंवा त्वचा ताठर दिसल्यास मात्र पुढील तपासण्या कराव्यात. पांडू आणि अवटू ग्रंथीची मंदता ही तर नित्याची कारणे. हिमोग्लोबिन व टीएसएच पाहिल्याशिवाय महिनोन्‌महिने तेल देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी तेलाची बाटली देण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : तंबाखू आहे का, आणि इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबासाठीच्या अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांनी हातपाय गार पडतात. अर्धशिशीवरील अर्गोटॅमिनने तर धमन्या आकुंचन पावतात. अशा गोळ्या ग्राहकाने परस्पर बंद करू नयेत. ज्यांनी त्या लिहून दिल्या त्यांच्याकडे त्याला परत पाठवावे.