मजकुरामागे ‘मसुदा’

वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केलेल्या दस्तऐवजात मजकुरामागे तिरपा, फिकट दिसणारा ‘मसुदा’ हा शब्द पाहणाऱ्याला कागदाचाच एक भाग वाटतो. परंतु तो कागदात नसतो आणि पानाच्या पार्श्वभूमीतही नसतो. पुस्तकाचे नाव किंवा पृष्ठक्रमांक एकदा लिहिला की तो प्रत्येक पानावर आपोआप उमटावा यासाठी पानाच्या माथ्यावर जी जागा राखलेली असते, जिला संगणकाच्या व्यवहारात ‘हेडर’ म्हणतात, त्या हेडरला हा शब्द एखाद्या चित्राप्रमाणे जोडलेला असतो आणि तेथून खाली सरकवून पानाच्या मध्यावर, मजकुराच्या मागे नेऊन ठेवलेला असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की वॉटरमार्क नावाच्या या सोयीचे बहुतेक सगळे वर्तन उलगडते: तो प्रत्येक पानावर का येतो, मजकूर लिहिताना बोटांना का लागत नाही, एखाद्याच पानावरून का गायब होतो, आणि काढून टाकल्यावरही शेवटच्या पानावर का उरतो.

नाव ज्यावरून आले त्या कागदी जलचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कागद बनवणाऱ्यांनी साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवायला सुरुवात केली. लगदा जाळीवर पसरला की तारेवर त्याचा थर पातळ बसे आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरला की त्या पातळ जागेतून प्रकाश अधिक येऊन आकृती दिसे. शार्ल-मोइझ ब्रिके यांनी अशा सोळा हजारांहून अधिक जलचिन्हांचा कोश १९०७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तारीख नसलेल्या जुन्या कागदपत्रांचा काळ ठरवण्याचे ते एक साधन झाले. भारतीय चलनी नोटेतील गांधीजींची छायाप्रतिमा याच कुळातील आहे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोट छापली जाण्यापूर्वीच, नर्मदापुरमसारख्या ठिकाणच्या कागद कारखान्यात, ती कागदाच्या तंतूंत बसलेली असते. कागदी जलचिन्ह कागद नष्ट केल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून ते पुरावा ठरते. संगणकातील वॉटरमार्क दोन क्लिकमध्ये निघतो, म्हणून तो पुरावा ठरू शकत नाही. तो एक घोषणा असतो, आणि त्याचे मोल त्या घोषणेच्या स्पष्टतेत आहे.

ही घोषणा कोठे खरोखर लागते, याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त. सभेनंतर इतिवृत्ताचा कच्चा खर्डा सदस्यांकडे पाठवला जातो, त्यांची निरीक्षणे व हरकती मागवल्या जातात आणि त्यानंतरच ते कायम होते. या मधल्या काळात हाच खर्डा व्हॉट्सॲपवरून, ईमेलवरून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून फिरत राहतो, एखादे पान सुटे होऊन दुसऱ्याच्या हाती जाते, आणि त्या सुट्या पानावर ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढेच वाचणाऱ्याला ते कायम झालेले आहे की नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. पहिल्या पानावर वर कोपऱ्यात ‘कच्चा मसुदा’ लिहिणे पुरत नाही ते यासाठीच. शब्द प्रत्येक पानावर हवा, आणि तो मजकुराला न झाकता हवा.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ही सोय २०१३ च्या आवृत्तीपासून ‘डिझाइन’ या टॅबखाली आहे; त्याआधीच्या २००७ आणि २०१०च्या आवृत्त्यांत ती ‘पेज लेआउट’खाली होती. ‘वॉटरमार्क’ दाबल्यावर तयार इंग्रजी शब्दांचे काही नमुने पुढे येतात. मराठी मजकुरासाठी त्यांचा उपयोग नसल्याने खालच्या ‘कस्टम वॉटरमार्क’कडे वळावे लागते, आणि तेथे उघडणाऱ्या छोट्या चौकटीत चित्र की मजकूर, हा पहिला निर्णय घ्यावा लागतो. मजकूर निवडल्यास शब्द, फॉन्ट, आकार, रंग, अर्धपारदर्शकता आणि तिरपी की आडवी मांडणी एवढ्याच गोष्टी ठरवायच्या असतात. आकार ‘ऑटो’वर ठेवला की शब्द मजकुराच्या क्षेत्रात मावेल एवढा आपोआप ताणला जातो. मूळचा रंग चंदेरी असतो, म्हणजे शून्य हा काळा आणि २५५ हा पांढरा मानणाऱ्या मोजपट्टीवर १९२. अर्धपारदर्शकतेची खूण कायम ठेवली की पांढऱ्या पानावर तो सुमारे २२३ पर्यंत उजळतो.

चौकट बंद करताच शब्द पानावर येतो, पण त्यावर क्लिक केले तर निवडला जात नाही. पानाच्या वरच्या समासात दोनदा क्लिक करून हेडर उघडले की मुख्य मजकूर फिका होतो, वॉटरमार्क ठळक होतो आणि आता तो धरता येतो, फिरवता येतो, लहानमोठा करता येतो. वर्डची डॉकएक्स ही फाइल प्रत्यक्षात अनेक लहान फायलींची एक झिप-थैली असते. ती उलगडून पाहिली तर मुख्य मजकुराच्या फायलीत वॉटरमार्कचा मागमूसही सापडत नाही, हेडरच्या फायलीत मात्र ‘पॉवरप्लसवॉटरमार्कऑब्जेक्ट’ अशा लांबलचक नावाने सुरू होणारी एक आकृती आढळते. ‘रिमूव्ह वॉटरमार्क’ ही आज्ञा अशा ठरावीक नावांच्याच आकृत्या शोधते. म्हणून कोणी हातानेच एखादे चित्र मजकुरामागे टाकून वॉटरमार्कसारखा परिणाम साधला असेल, तर ही आज्ञा त्याला स्पर्श करत नाही.

हेडरच्या या आश्रयामुळे येणाऱ्या अडचणी बहुधा विभागांमुळे येतात. दस्तऐवजात ‘सेक्शन ब्रेक’ टाकला, म्हणजे पुढील पानांची मांडणी आधीच्या पानांपेक्षा स्वतंत्र केली, की नवा विभाग सुरू होतो. इतिवृत्ताला जमाखर्चाचा रुंद तक्ता आडव्या पानावर जोडायचा असेल तर हे करावेच लागते. नवा विभाग सुरुवातीला मागच्याच हेडरला जोडलेला असतो, आणि ‘लिंक टू प्रीव्हियस’ हे बटण तो दुवा दाखवते. दुवा तोडला की त्या क्षणी असलेल्या हेडरची प्रत नव्या विभागाकडे राहते, पण त्यानंतर एका विभागातील बदल दुसऱ्यात पोहोचत नाहीत. त्यामुळे पुढे कधीतरी पहिल्या विभागातून ‘मसुदा’ काढला तरी तक्त्याच्या पानावर तो तसाच राहू शकतो, आणि कायम झालेल्या इतिवृत्ताच्या शेवटी एक कच्चे पान लागल्यासारखे होते. उलट प्रकारही घडतो: वॉटरमार्क टाकून झाल्यावर ‘डिफरंट फर्स्ट पेज’ ही खूण केली की पहिल्या पानाचे हेडर वेगळे होते आणि नेमक्या मुखपृष्ठावरून शब्द नाहीसा होऊ शकतो.

याहून फसवा प्रकार पांढऱ्या पट्ट्यांचा आहे. वॉटरमार्क मजकुराच्या मागे असतो, म्हणजे समोरच्या प्रत्येक अपारदर्शक गोष्टीच्याही मागे असतो. तक्त्याच्या चौकटींना पांढरा रंग भरलेला असेल, किंवा संकेतस्थळावरून चिकटवलेल्या परिच्छेदाबरोबर पांढरी छटा आली असेल, तर त्या जागी ‘मसुदा’मधील ‘सु’ अर्धाच दिसतो. पांढऱ्या कागदावर ती छटा एरवी दिसत नाही, त्यामुळे दोष वॉटरमार्कचा वाटतो. इलाज म्हणजे तो मजकूर निवडून त्याची ‘शेडिंग’ काढून टाकणे. त्यापेक्षा बरे म्हणजे बाहेरचा मजकूर आणताना त्याची सजावट वगळून केवळ अक्षरेच चिकटवणे.

चित्राचा वॉटरमार्क टाकताना, उदाहरणार्थ संस्थेचे बोधचिन्ह, ‘वॉशआउट’ ही खूण महत्त्वाची ठरते. तिने चित्राची उजळता वाढते आणि गडद-फिकटातील अंतर आवळले जाते. पांढरा पांढराच राहतो, पण निव्वळ काळा रंगही मोजपट्टीवर सुमारे १७८ पर्यंत वर येतो. वाचनाच्या दृष्टीने हा हिशेब चांगला आहे. पांढऱ्यावरील काळ्या अक्षरांतील भेदाचे गुणोत्तर २१ ला १ धरले जाते आणि वेबवरील मजकुराच्या सुगम्यतेची प्रचलित मार्गदर्शक तत्त्वे सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ मागतात; १७८च्या राखाडीवर काळी अक्षरे सुमारे १० ला १ एवढा भेद टिकवतात. मात्र मजकूरच राखाडी किंवा रंगीत असेल तर ही ऐसपैस जागा झपाट्याने संपते, आणि ज्याची नजर मंद झाली आहे अशा ज्येष्ठ सदस्याला बोधचिन्हावर आलेल्या ओळी सोडून द्याव्या लागतात. संस्थेचे बोधचिन्ह पानभर मोठे करण्याचा मोह अनेकांना होतो; पानभर चित्रापेक्षा मध्यभागी हाताच्या तळव्याएवढे चिन्ह वाचकावर अधिक दया करते.

पडद्यावर हे सारे ताडणे कठीण असते. मुख्य मजकुरात काम चालू असताना वर्ड हेडरमधील सगळ्या गोष्टी मुद्दाम मंद करून दाखवतो, त्यामुळे पडद्यावर योग्य वाटलेला फिकटपणा छपाईत गडद निघतो. निर्णय घ्यायचा तो मुद्रणपूर्व दृश्यावरून, आणि शक्यतो एक पान प्रत्यक्ष छापून. काळ्या-पांढऱ्या लेसर मुद्रकाकडे राखाडी शाई नसते. तो काळे ठिपकेच विरळ पेरून राखाडीचा भास निर्माण करतो, आणि देवनागरीची खरी परीक्षा येथे होते. रोमन लिपीत ठिपका थोड्याच अक्षरांवर येतो; मराठीत मात्र अनुस्वार हा अर्थ ठरवणारा ठिपका आहे. ‘सदस्याने’ आणि ‘सदस्यांनी’ यांत मात्रा-वेलांटीचा फरक तरी सोबतीला असतो, पण ‘त्याचा आक्षेप’ आणि ‘त्यांचा आक्षेप’ यांत केवळ एक टिंब आहे, आणि तेच टिंब ठिपक्यांच्या जाळीत पडून झेरॉक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत हरवले तर आक्षेप कोणाचा हेच बदलते. अशा दस्तऐवजाचे स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे ओळखून घेतानाही हेच टिंब आधी बळी पडते. म्हणून वॉटरमार्क मूळच्या राखाडीपेक्षाही एक पायरी फिका ठेवणे मराठीत अधिक गरजेचे आहे.

तिरप्या मांडणीचे कारणही देवनागरीत अधिक पटते. आडवा ठेवलेला ‘मसुदा’ म्हणजे त्याची जाड शिरोरेषा पानाच्या मध्यावर ओळींना समांतर धावणार, आणि तिच्यावर आलेली ओळ खोडल्यासारखी दिसणार. तिरपा शब्द कोणत्याही एका ओळीवर फार वेळ रेंगाळत नाही. फॉन्टही जाणून निवडावा लागतो, कारण चौकटीत आपोआप येणाऱ्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. मंगल, निर्मला किंवा कोकिळा यांपैकी एखादा युनिकोड फॉन्ट निवडला की परिणाम आपल्या हाती राहतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला शब्द मात्र आत रोमन अक्षरांच्या क्रमांकांनी साठवलेला असतो, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पानापानावर निरर्थक रोमन चिन्हांची मोठी तिरपी रांग उमटते.

पार्श्वभूमीचे चित्र हा शेजारचाच, पण वेगळा मामला आहे. ‘पेज कलर’मधून भरलेला रंग किंवा चित्र संपूर्ण दस्तऐवजाला लागते, विभागाविभागाला वेगळे करता येत नाही, आणि वर्डच्या मूळ व्यवस्थेत ते पडद्यापुरतेच असते; छापायचे असेल तर पर्यायांतील ‘डिस्प्ले’ या भागात पार्श्वभूमी छापण्याची खूण करावी लागते. लग्नपत्रिका किंवा प्रमाणपत्र यांसाठी पानभर चित्र हवे असेल तर अनुभवी हात ‘पेज कलर’ टाळून चित्र हेडरमध्येच घालतात, त्याला ‘मजकुरामागे’ पाठवतात आणि २१ बाय २९.७ सेंटिमीटर असा ए-फोरचा पूर्ण आकार देतात. चांगल्या छपाईसाठी त्या आकाराला इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने २४८० बाय ३५०८ बिंदूंचे चित्र लागते. फिकट पार्श्वभूमीसाठी निम्मी घनताही चालते. तरीही सामान्य कार्यालयीन मुद्रक कागदाच्या कडेपर्यंत छापत नाहीत आणि भोवती काही मिलिमीटरची पांढरी किनार राहते, हे रचना करतानाच गृहीत धरावे लागते. लिबरऑफिस रायटर या दुसऱ्या वर्ड प्रोसेसरमध्ये पार्श्वभूमी पानाच्या शैलीतून, म्हणजे ‘पेज स्टाइल’मधून, भरली जाते आणि शैली बदलली की पार्श्वभूमी बदलते, ही मांडणी तर्काला अधिक धरून आहे. वॉटरमार्कसाठी २०१७ च्या ५.४ आवृत्तीपासून तेथे स्वतंत्र आज्ञाही आहे, आणि तीत कोन व पारदर्शकता आकड्यांत सांगता येते.

वॉटरमार्कवर संरक्षणाचा भार टाकणे मात्र चुकीचे आहे. ‘गोपनीय’ हा शब्द दस्तऐवज गोपनीय ठेवत नाही. सुरक्षा-मुद्रणात झेरॉक्स काढताच लपलेला शब्द उमटेल अशा दोन आकारांच्या ठिपक्यांची पार्श्वभूमी छापली जाते, पण ते काम अचूक छपाईचे आहे, कार्यालयातील वर्डचे नव्हे. मजकुरात फेरफार झाला नाही याची खात्री हवी असेल तर डिजिटल स्वाक्षरी लागते.

इतिवृत्त कायम झाल्यावर उरते ते शब्द उतरवण्याचे काम, आणि ते टाकण्यापेक्षा अधिक सावधपणे करावे लागते. ‘रिमूव्ह वॉटरमार्क’ची आज्ञा दिल्यावर प्रत्येक विभागाचे, पहिल्या पानाचे आणि सम-विषम पानांचे हेडर उघडून पाहावे लागते, आणि त्यानंतरच पीडीएफ काढावी लागते. मसुद्याच्या ज्या पीडीएफ प्रती आधीच सदस्यांकडे गेल्या त्यांतील शब्द कोणी परत घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. हरकतींच्या वेळी नेमके काय पाठवले होते हे दाखवणारी नोंद तीच असते. दीर्घकालीन जतनासाठी ती प्रत पीडीएफ-ए स्वरूपात ठेवायची असल्यास एक तांत्रिक अट लक्षात घ्यावी लागते: २००५च्या पहिल्या पीडीएफ-ए मानकात पारदर्शकतेला मनाई आहे, २०११च्या दुसऱ्या मानकाने ती मान्य केली. म्हणून पहिल्या मानकानुसार जतन करायच्या मसुद्यात अर्धपारदर्शकतेची खूण काढून टाकावी आणि शब्दालाच सपाट, फिकट राखाडी रंग द्यावा.