हिरव्या दिव्यांच्या भरवशावर

रात्री विमान उतरलं की प्रवासी मोबाइल चालू करतात. कॉकपिटमध्ये मात्र तेव्हाच एक किचकट काम सुरू होतं, ते म्हणजे अंधारात टॅक्सीवेवरून आपल्या जागेपर्यंतची वाट धरणं. मी विमानतळावर दिव्यांच्या देखभालीचं काम करतो, बहुतेक रात्रपाळीलाच, त्यामुळे ही वाट मी जमिनीवरून पाहिली आहे.

रंग ठरलेले असतात. रनवेच्या कडेला पांढरे, टॅक्सीवेच्या कडेला निळे, टॅक्सीवेच्या मधोमध हिरवे. रनवेच्या तोंडाशी आडवी तांबडी रांग असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती पेटलेली असताना पुढे जायचं नाही. हे कागदावर सोपं आहे. पण जंबो जेटचा पायलट दोन मजल्यांहून उंच बसलेला असतो. तिथून लांबच्या रांगा एकमेकींत मिसळून नुसता निळा सडा पडल्यासारखं दिसतं. त्यात पाऊस आला की रंगवलेले पट्टे दिसेनासे होतात. मग भरवसा उरतो तो हिरव्यांचाच.

हा हिरवा दिवा जमिनीत गाडलेला असतो. वर धातूचं जाड झाकण आणि प्रकाश बाहेर यायला काचेची एक बारीक फट. टनावारी वजनाची चाकं त्यावरून जातात. काचेवर धूळ बसते, तेलाचा ओशटपणा येतो, फट असतेच केवढी, लगेच उजेड मंदावतो. असे कित्येक दिवे एकाच केबलवर सिरीजमध्ये जोडलेले असतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. सोय मोठी, पण तिच्यामुळेच गेलेला एखादा दिवा लांबून लक्षात येत नाही. तो गाडीने रांगेवरून फिरूनच शोधावा लागतो.

एका दिव्याने काय बिघडतं, असं कुणी म्हटलं की मला तैपेई आठवतं. 31 ऑक्टोबर 2000 च्या रात्री, वादळी पावसात, सिंगापूर एअरलाइन्सचं 747 तिथून लॉस एंजेलिसला निघालं होतं. त्याला जायचं होतं डाव्या रनवेवर. वाटेत कामासाठी बंद असलेला उजवा रनवे लागत होता. त्याच्याकडे वळणारे हिरवे दिवे साडेसात मीटरवर एक असे दाट होते. सरळ पुढे नेणारे विरळ, आणि अपघातानंतरच्या पाहणीत त्यांतला फाट्यालगतचा एक बंद, दुसरा मंद आढळला. स्टॉप बार त्या विमानतळावर नव्हतेच. विमान वळलं, बंद रनवेवरून धावलं आणि बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. 179 पैकी 83 जण गेले. कारणं इतरही होती, रनवेची खातरजमा करण्याच्या संधीही हुकल्या. तरी फाट्यावरचे ते दोन दिवे माझ्या मनातून जात नाहीत.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर फक्त त्या-त्या विमानाच्या पुढचेच हिरवे दिवे लागतात, फाट्यावर चुकीची वाट अंधारात राहते. ही पद्धत सगळीकडे यावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी दिवे गटागटाने किंवा एकेकटे चालू-बंद करता यावे लागतात, म्हणजे जुन्या टॅक्सीवेची बरीच उखडाउखड आली. जिथे ती झालेली नाही, तिथे फाट्यावरचे हिरवे दिवे तरी आधी तपासावेत, आधी पुसावेत.