घर विकायला काढलंय? रंगाच्या डब्याआधी फाइल उघडा; बँकेचा व्हॅल्युअर नेमकं काय पाहतो?

समजा, फ्लॅटचा सौदा ८० लाखांना ठरला. टोकन मिळालं. खरेदीदाराने ६४ लाखांचं गृहकर्ज गृहीत धरलं. बँकेचा व्हॅल्युअर घर पाहून गेला आणि अहवालात किंमत लागली ७० लाख. करारातली रक्कम आणि मूल्यांकन यांपैकी जी कमी, ती बँका सहसा धरतात. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे कर्ज ५६ लाख. उरलेले ८ लाख खरेदीदाराने उभे केले नाहीत, तर सौदा तिथेच अडतो किंवा विकणाऱ्याला किंमत उतरवावी लागते.

घर विकायचं ठरलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. पण व्हॅल्युअर रंग पाहायला येत नाही. मंजूर नकाशात दाखवलेलं घर आणि प्रत्यक्षातलं घर एकच आहे का, हे तो तपासतो.

नकाशा आणि भिंती

तो खोल्या मोजतो आणि क्षेत्रफळ कागदांशी ताडून पाहतो. जुन्या करारांत अनेकदा बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप आकडा असतो. जाहिरातीत तोच 'कार्पेट' म्हणून छापला असेल, तर फरक लगेच उघड होतो. त्यामुळे जाहिरातीआधी स्वतः टेप घेऊन मोजलेलं बरं.

नंतर केलेले बदल ही दुसरी अडचण. बाल्कनी हॉलमध्ये घेतली, टेरेसवर पत्रे टाकून खोली केली, डक्टमध्ये धुण्याची जागा काढली. महापालिकेच्या परवानगीने बंद केलेल्या बाल्कनीचा प्रश्न येत नाही, फक्त तो कागद फाइलमध्ये हवा. परवानगी नसेल तर तेवढी जागा मूल्यांकनातून वगळली जाऊ शकते. बदल मोठा असेल, तर बँक कर्जच नाकारू शकते. मधली भिंत पाडली असेल, तर ती नुसती विटांची होती की भार पेलणारी, हे इंजिनिअरकडून लिहून घ्यावं.

ओल रंगाने लपत नाही

भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, ती पाण्याबरोबर बाहेर आलेल्या क्षारांची. पाणी आत येतंय तोवर तिच्यावर कितीही पुट्टी मारली, तरी काही आठवड्यांत फुगवटे येतात. शिवाय सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच कोपरा ताजा दिसला की व्हॅल्युअरची नजर आधी तिथेच जाते. (उदबत्त्या लावून कुबट वास घालवण्याची युक्तीही त्याच्या ओळखीची असते.) वरच्या मजल्यावरचं बाथरूम, बाहेरच्या भिंतीची भेग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांपैकी पाणी कुठून येतंय ते शोधून आधी दुरुस्ती करावी, भिंत नीट सुकू द्यावी, रंग शेवटी. दुरुस्तीचं बिल जपून ठेवावं.

प्रत्येक भेग घाबरण्यासारखी नसते. कॉलम आणि विटांची भिंत जिथे जुळतात तिथली बारीक सरळ भेग बहुधा प्लास्टरपुरती असते. बीम किंवा कॉलमवर गंजाचे डाग, सुटलेलं काँक्रीट, उघडी सळई दिसली तर मात्र विषय एका फ्लॅटपुरता राहत नाही. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल सोसायटीकडून आधीच मागून घ्यावा.

खरी तपासणी फाइलची

व्हॅल्युअर निघून गेला तरी बँकेच्या वकिलाचं काम सुरूच असतं. तो साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो. बिल्डरकडून पहिल्या मालकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, अशी प्रत्येक नोंदणीकृत कराराची कडी त्याला हवी असते. एखादा मूळ करार हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत असा प्रवास करावा लागतो. तो टोकन घेतल्यावर सुरू केला, तर खरेदीदाराचा धीर सुटतो.

फ्लॅट वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, अशा घरांत घोळ जास्त. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, हा समज चुकीचा आहे. बहीण-भावांचे हक्क कायम असतात. त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं किंवा विक्रीच्या करारावर सह्या लागतात. परदेशातल्या भावाची सही मिळवायला किती वेळ लागतो, हे ज्याने केलंय त्याला विचारा.

स्वतःचं कर्ज फिटलं असेल, तर मूळ कागद परत आले का ते पाहा. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं ही बँकेची जबाबदारी आहे. उशीर बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. बोजा नोंदीत तसाच राहिला, तर नव्या बँकेचा वकील तिथेच थांबतो.

याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती लागते. सोसायटीची थकबाकी आधी मिटवा, एनओसी नंतर मागा. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. 'डेव्हलपमेंट फंड' म्हणून त्यावर काही मागितलं, तर उपविधी दाखवा.

एवढं झाल्यावरही मूल्यांकन कमी येऊ शकतं. म्हणून टोकनच्या पावतीवर दोन ओळी आधीच लिहून घ्याव्यात: कर्ज कमी मंजूर झालं किंवा नाकारलं गेलं, तर टोकन किती दिवसांत आणि किती परत.