सूर्यास्ताआधीचे दफन

येशूला क्रूसावर मारले गेले याबद्दल इतिहासकारांत फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो प्रेतापाशी. रोमनांच्या दृष्टीने क्रूस म्हणजे शिक्षा आणि जरबही. जरब टिकावी म्हणून प्रेत बहुधा खांबावरच सडू दिले जाई. याच आधारावर जॉन डॉमिनिक क्रॉसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी म्हटले, की येशूला कबर मिळालीच नसावी, प्रेत कुत्र्यांच्या तोंडी गेले असावे. रोमन साम्राज्याकडे एकूण पाहिले तर हा तर्क बिनतोड वाटतो, पण ही घटना येरुशलेमातली आहे आणि तिथे तो लंगडा पडतो. येशूचे दफन झाले असावे, आणि ते मुख्यतः शिष्यांच्या भक्तीमुळे नव्हे, तर ज्यू धर्मशास्त्राच्या धाकामुळे झाले असावे, असे मला वाटते.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे: टांगलेल्या अपराध्याचे प्रेत रात्रभर झाडावर ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, नाहीतर देवाने दिलेली भूमी विटाळते. इथे मेलेल्याची कणव नाही, काळजी आहे ती भूमीच्या शुद्धतेची. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसीफस लिहितो, की ज्यू लोक क्रूसावर मारलेल्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात. हे नुसते कागदावरचे नव्हते. १९६८ साली येरुशलेमच्या उत्तरेला गिवत हा-मिवतार इथल्या एका कबरीत दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यातल्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा अजून रुतलेला होता, टोक वाकलेले, आणि खिळ्याचे डोके व हाड यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा. टोक वाकले म्हणूनच तो खिळा उपटता आला नसावा आणि पुरावा हाती राहिला; सरळ निघालेल्या खिळ्यांची माणसे आपल्याला ओळखूच येणार नाहीत. पेटीवर नाव कोरलेले आहे, येहोहानान. क्रूसावर मेलेल्या या माणसाला घरच्यांनी पुरले आणि पुढे त्याच्या अस्थी रीतसर पेटीत ठेवल्या.

यावर आक्षेप येतो, की एक हाड म्हणजे नियम नव्हे, आणि येशूवर तर ‘यहुद्यांचा राजा’ म्हणवल्याचा, म्हणजे राजद्रोहाचा आरोप होता. आक्षेप वजनदार आहे. देहदंड झालेल्यांची प्रेते मागणाऱ्यांना द्यावीत असे रोमन कायद्याचे ग्रंथ सांगतात, पण राजद्रोहाच्या बाबतीत कधी कधी नकार मिळे, हेही तेच सांगतात. तरी काळ पाहावा लागतो. इ.स. ७०च्या वेढ्यात रोमनांनी शेकड्यांनी क्रूस उभारले, ती युद्धाची गोष्ट. येशूच्या वेळचा रोमन सुभेदार पिलात याच्या काळात शांतता होती, वल्हांडणाच्या सणाला शहर यात्रेकरूंनी फुगलेले होते, आणि बादशहाची चित्रे असलेली निशाणे शहरात आणल्यावर लोकांच्या हट्टापुढे याच पिलाताला ती परत न्यावी लागली होती. एका प्रेतापायी तो सणात दंगा का ओढवून घेईल?

मग अरिमथाईकर योसेफ. येशूचे प्रेत मागणारा हा माणूस ज्यू न्यायसभेचा सभासद, आणि मार्कच्या शुभवर्तमानानुसार त्या सभेने येशूला एकमुखाने मरणदंडास पात्र ठरवले होते. ही अडचण पुढच्या शुभवर्तमानकारांना बोचलेली दिसते. मत्तय त्याला शिष्य करतो, लूक सांगतो की त्याची त्या ठरावाला संमती नव्हती, योहान त्याला गुप्त शिष्य ठरवतो आणि सोबतीला निकदेम व तीसेक किलो गंधरस-अगरू आणतो. एवढे रंग चढवावे लागले, म्हणजे मूळ माणूस गैरसोयीचा होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर, ज्यांनी दोषी ठरवले त्यांनीच येशूला कबरेत ठेवले, असे सरळ वाक्य आहे. न्यायसभेचा एक सभासद शुक्रवारी संध्याकाळी आज्ञेचे पालन करतो, खड्डा खणायला वेळ नाही, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागणार, म्हणून जवळची खोदलेली कबर वापरतो. पुरातत्त्वज्ञ जोडी मॅग्नेस यांची मांडणीही साधारण अशीच आहे.

दफनानंतरच्या या शनिवारबद्दल मात्र शुभवर्तमाने जवळजवळ गप्प आहेत. स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विश्रांती घेतली, एवढे लूक सांगतो. मत्तय तेवढा त्या दिवशी याजकांना पिलाताकडे पाठवून कबरेवर पहारा बसवतो. पण शिष्यांनी प्रेत चोरल्याची वदंता आजवर चालू आहे असे तोच लिहितो, तेव्हा पहाऱ्याची कथा त्या वादाला उत्तर म्हणून आली असावी. ती मी पुराव्यात धरत नाही. शनिवार कल्पनेने भरला की कसा दिसतो ते पाहायचे तर १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमधल्या अखमिमला सापडलेले पेत्राचे शुभवर्तमान वाचावे: धोंड्यावर सात शिक्के, सकाळी येरुशलेमहून कबर बघायला आलेली गर्दी, आणि पुढे चक्क बोलणारा क्रूस. मार्ककडे यातले काहीच नाही. त्याच्या स्त्रिया शब्बाथ संपल्यावर सुगंधी द्रव्ये विकत घेतात, बस.