एका दिशेला घन, दोन दिशांना द्रव

ऑक्टिल सायनोबायफेनिल, प्रयोगशाळेतल्या रोजच्या भाषेत ‘८सीबी’. या पदार्थाची कुपी महाराष्ट्रात वर्षभर टेबलावर ठेवली, तर ऋतूंबरोबर तिच्यातलं रूप पालटेल. २१.५ अंश सेल्सिअसच्या खाली तो पांढरा घन असतो. त्यावर गेला की दाट, दुधाळ होतो. ३३.५ अंशांना एकदम पातळ होतो, पण गढूळपणा काही जात नाही. आणि ४०.५ अंश ओलांडले, जे नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सहज घडतं, की पाण्यासारखा नितळ! घन आणि नितळ द्रव यांच्या मध्ये निसर्गाने इथे आणखी दोन अवस्था ठेवल्या आहेत. दोन्ही द्रवस्फटिकाच्याच. पातळ गढूळ असते ती नेमॅटिक. तिच्यात लांबट रेणूंची तोंडं साधारण एका दिशेला असतात, एवढीच काय ती शिस्त. दाट, दुधाळ असते ती स्मेक्टिक, आणि खरं नवल तिच्यात आहे.

स्मेक्टिक अवस्थेत रेणू थराथरांनी उभे राहतात. तीन मजली शाळेची मधली सुट्टी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्यावर मुलं मनसोक्त हुंदडताहेत, पण जिना सहसा कुणी चढत-उतरत नाही. थराच्या आत रेणू कुठेही वाहत जाऊ शकतात, तिथे त्यांना ठरलेली जागा नाही. थरांची एकमेकांवरची रचना मात्र नेमकी असते. म्हणजे हा पदार्थ एका दिशेने घनासारखा आणि उरलेल्या दोन दिशांनी द्रव आहे.

हे थर रचतं कोण? बाहेरून कुणीच नाही. रेणूचा मधला भाग ताठ आणि शेपटी लवचीक. ताठ भागांना ताठ भागांची संगत हवी, शेपट्यांना शेपट्यांची. या आवडीनिवडीतूनच थर पडतात. ८सीबीचा रेणू जेमतेम २.२ नॅनोमीटर लांब, पण थर सुमारे ३.२ नॅनोमीटर जाड. कारण रेणू जोडीने, उलटसुलट तोंडं करून, एकमेकांत अर्धेमुर्धे शिरून उभे असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंचवीसेक हजार थर मावतील.

इतके बारीक थर साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणं अशक्य. तरीही १९१०च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज फ्रीडेल आणि फ्रांस्वा ग्रांजाँ यांनी ते ओळखले, तेही निव्वळ भूमितीच्या बळावर. दोन ध्रुवकांच्या मध्ये काचपट्टी ठेवून पाहिलं की स्मेक्टिकमध्ये पंख्यासारखे झगझगीत आकार दिसतात. बारकाईने पाहिलं तर काळ्या रेषांच्या जोड्या सापडतात. एक रेषा लंबवर्तुळ, दुसरी अपास्त. दोन्ही परस्परांना काटकोनातल्या प्रतलांत, आणि प्रत्येक वक्र दुसऱ्याच्या नाभीतून जाणारा. ही नाभीची अट योगायोगाने पाळली जात नाही. थर वाकू शकतात, पण त्यांची जाडी बदलू शकत नाही, असं मानलं की भूमिती याच वक्रांवर आणून सोडते. अशा पृष्ठभागांचा अभ्यास शार्ल द्यूपँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता, अर्थात केवळ गणित म्हणून. पुढे १९२३ मध्ये क्ष-किरणांनी थरांची साक्ष दिली. ते काम करणाऱ्या दोघांपैकी एक होते मॉरिस द ब्रॉय, आणि दुसरे जॉर्ज फ्रीडेल यांचेच चिरंजीव एदमाँ.

या अर्धवट शिस्तीचा उपयोग काय? काही स्मेक्टिकांत रेणू थरात सरळ उभे न राहता कललेले असतात. १९७०च्या दशकाच्या मध्यास रॉबर्ट मायर यांनी दाखवून दिलं की असे कललेले रेणू डाव्या-उजव्या हातांसारखी आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारी घडण घेऊन आले, तर प्रत्येक थरात आपोआप विद्युत ध्रुवीकरण निर्माण झालंच पाहिजे. सममितीचा एक युक्तिवाद, आणि त्यातून नवा पदार्थ हाती आला. १९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी तो एक-दोन मायक्रोमीटरच्या फटीत कोंडला. विद्युतक्षेत्र उलटं केलं की सगळे रेणू एका कलावरून दुसऱ्यावर जातात, काही मायक्रोसेकंदांत. नेहमीच्या नेमॅटिक पडद्याला त्याच कामाला मिलिसेकंद लागतात. शिवाय वीज काढून घेतली तरी रेणू आहे त्या कलावर टिकून राहतात. कॅमेऱ्यांच्या इवल्याशा दृश्यदर्शक पडद्यांत हे तंत्र वापरलं गेलं. मोठ्या टीव्हीत ते रुजलं नाही, याचं एक कारणही थरच. जोराचा धक्का बसला की थर विस्कटतात आणि आपले आपण सावरत नाहीत.

एका दिशेने घन आणि दोन दिशांनी द्रव, या मांडणीची उलट बाजू भारतात सापडली. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक जाहीर केले. चकत्या एकावर एक रचून स्तंभ होतात. स्तंभांची परस्परांतली मांडणी दोन दिशांनी नेमकी, आणि स्तंभाच्या आत, तिसऱ्या दिशेने, द्रव. तोवर द्रवस्फटिक म्हणजे लांबट रेणूच, हा समज त्यांनी मोडून काढला.

साबणात ठरावीक प्रमाणात पाणी मिसळलं तरी थरच पडतात. आणि आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण हा असाच मेदरेणूंचा दुपदरी थर आहे. त्याच्या पातळीत प्रथिनं इकडून तिकडे सरकू शकतात, पण मीठ किंवा साखर त्याच्या आरपार सहजासहजी जाऊ शकत नाही. आवरण संपूर्ण घन असतं तर आतली हालचाल थांबली असती. संपूर्ण द्रव असतं तर आत-बाहेर हा भेदच उरला नसता. जगायला दोन्ही लागतं, आणि रेणूंची ही अर्धी शिस्त दोन्ही देते.